दुसरा गोल नको

फुटबॉलमधलं आपल्याला सगळं कळतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याने आयुष्यभर ट्रक हाकला, टेक्सासपासून मिशिगनपर्यंत, आणि त्या सगळ्या प्रवासात रेडिओवर सामने ऐकले. पाठीने दगा दिला तेव्हा ट्रक विकला आणि तेव्हापासून त्याचा मुक्काम हमदियाच्या सलूनमध्ये असतो. केस कापायला नव्हे, कापण्याजोगे आता चारच उरलेत. तिथे टीव्ही असतो, कॉफी असते आणि आमच्या बोस्नियातल्या प्रियेदोरकडची तीन-चार रिकामटेकडी डोकी असतात. कोणत्या कोचचं काय चुकलं हे ती सगळी मिळून ठरवतात.

त्याचं नाव शेफिक. मी मेवलिदा, ग्रॅव्हॉय रस्त्यावरच्या बेकरीत पिट्याचे, म्हणजे आमच्याकडच्या खिमा भरलेल्या पापुद्र्यांच्या रोटीचे, थर लाटते. आमचा एकुलता एक वेदाद तेवीस वर्षांचा आहे आणि सेंट लुईसच्या दुसऱ्या फळीतल्या क्लबात खेळतो. खेळतो म्हणजे बाकावर बसतो. शेवटची दहा मिनिटं उरली की कोच त्याला आत सोडतो, तोवर सगळे थकलेले असतात आणि चेंडू त्याच्याकडे यायच्या आत शिट्टी वाजते. त्या क्लबसाठी त्याने अजून एकही गोल केला नव्हता. पोरगा कधी तक्रार करत नसे. शेफिकच करायचा, आणि तीही कोचबद्दल नव्हे, पोराबद्दल. "पाय चांगलेत त्याचे, पण काळीज कोंबडीचं आहे," असं तो सलूनमध्ये सर्वांदेखत म्हणायचा. मी त्याला दोनदा झापलं होतं.

फोनवर सामन्यांच्या निकालाचा बाजार भरतो, त्याचा नाद त्याला हमदियाने लावला. एकदा मी सलूनमध्ये डोकावले, शेफिकला जेवायला बोलवायला, तर दोघं एका फोनवर वाकलेले.

"काय चाललंय?"

"या वहिनी, तुम्हीही शिका," हमदिया म्हणाला. हातात वस्तरा, समोर खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, आणि याची शिकवणी सुरू. "इथे नुसतं कोण जिंकणार असं विचारत नाहीत. किती गोलांनी जिंकणार ते विचारतात. दीड गोलावर रेघ मारलेली असते. आपला संघ एका गोलाने जिंकला तर रेघेच्या अलीकडे. दोन किंवा जास्त गोलांनी जिंकला तर पलीकडे."

"दीड गोल कोण मारतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर दीड! बरोबर रेघेवर कुणी अडकून बसायला नको. एक तर इकडे नाहीतर तिकडे."

"बरं, मग?"

"मग काय, दोन चिठ्ठ्या. 'हो' आणि 'नाही'. समजा 'हो' तीस सेंटला आहे, म्हणजे 'नाही' सत्तरला. शेफ्याने सत्तर देऊन 'नाही' घेतलं, तर समोर कुणीतरी तीस देऊन 'हो' घेतलेलं असतं. दोघांचे मिळून झाला एक डॉलर. सामना संपला की ज्याचं खरं ठरेल त्याला अख्खा डॉलर. दुसऱ्याला ठेंगा."

"म्हणजे जुगारच की."

"छे! जुगारात तुम्ही अड्डेवाल्याशी खेळता आणि तो तुम्हाला लुटतो. इथे माणसाशी माणूस. भाव म्हणजे लोकांचं मत. तीस सेंट, म्हणजे लोकांना वाटतं की शंभरात तीस वेळा असं होईल. ज्याला लोकांपेक्षा जास्त कळतं त्याचे पैसे होतात." त्याने वस्तरा शेफिककडे रोखला. "आणि आपल्या शेफ्याला तर सगळंच कळतं."

"मध्येच नको झालं तर?"

"विकून मोकळं व्हायचं. सामना चालू असतानासुद्धा."

"कुणाला विकायचं?"

"ज्याला हवं त्याला."

"आणि कुणालाच नको असलं तर?"

हमदिया खो खो हसला. "वहिनी, ही अमेरिका आहे. इथे प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक मिळतं." खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, माझी दाढी कराल का आता.

शेफिक इंग्लंडच्या आणि जर्मनीच्या सामन्यांवर पाच-दहा डॉलरचं काहीबाही करायचा. मी काणाडोळा केला. दारू नाही, बाई नाही, बसलाय बिचारा फोन घेऊन. वेदादच्या क्लबच्या सामन्यांवरही हा बाजार भरतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या क्लबला विचारतो कोण!

क्लबने मात्र विचार केला होता. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी सगळ्या खेळाडूंच्या घरच्यांना बोलावलं, पिझ्झा खाऊ घातला आणि ऑफिसातल्या ब्रिजेट नावाच्या बाईने उभं राहून सांगितलं की खेळाडूच्या घरातल्या कुणीही या संघाच्या सामन्यांवर पैसे लावायचे नाहीत. घरात ऐकलेली संघाची गोष्ट बाहेर जाता कामा नये. असं काही झालं तर खेळाडूची चौकशी होईल, आणि त्याचा हात आहे असं दिसलं तर त्याचं खेळणं संपेल. शेवटी तिने एक गोष्ट पुन्हा सांगितली. खेळाडूला घरातलं असं काही कळलं, तर त्याने त्याच दिवशी क्लबला कळवायचं. लपवलं तर तोही तितकाच दोषी. शेफिक इतक्या जोरजोरात मान हलवत होता की मला वाटलं, आता निखळून पडते.

त्या शुक्रवारी वेदाद जेवायला घरी आला होता. मी सारमा केला होता, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, त्याच्या आवडीचा. तो खुशीत होता. चौथी गुंडाळी तोंडात घालता घालता म्हणाला, "उद्या ओडेल खेळत नाहीये. घोटा सुजलाय. बाहेर कुणाला सांगायचं नाही हं, कोच शेवटपर्यंत गुपित ठेवणार आहे."

ओडेल म्हणजे त्यांचा मुख्य गोल मारणारा. संघाचे निम्मे गोल त्याच्या पायाचे.

"मग गोल कोण मारणार?" शेफिकने विचारलं.

"त्याच्या जागी सुरुवातीला दुसरा आहे, पण तो अर्ध्या सामन्यातच दमतो. मग मी." वेदादने माझ्याकडे पाहिलं. "अर्धा तास तरी मिळेल, आई. कोचने स्वतः सांगितलंय."

मी उठून त्याच्या डोक्याचा मुका घेतला. शेफिक म्हणाला, "बरं, बरं," आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. मला वाटलं, हमदियाला बातमी द्यायला गेला असेल, पोराला अर्धा तास मिळणार म्हणून. तेवढ्यावरही मी चिडले असते.

शनिवारी दुपारी ऊन छान होतं. खेळाडूंच्या घरच्यांसाठी क्लबने खुर्च्यांची एक रांग राखून ठेवली आहे आणि आम्ही तिच्या अगदी टोकाला बसतो. शेफिकच्या पलीकडे सिमेंटची भिंत, त्याच्या अलीकडे मी, माझ्या शेजारी कॅप्टनची बायको कॅथलीन, मांडीवर तान्हं बाळ. बाहेर पडायचं तर आठ-दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. समोरचा संघ तळाचा होता, सहा सामने हरून आलेला. सगळे म्हणत होते, आज चार घालणार.

सामना सुरू झाला आणि पहिला गोल लवकरच झाला. सगळे उठले, कॅथलीनचं बाळ दचकून रडायला लागलं, शेफिकही उठला, टाळ्या वाजवल्या. इथवर ठीक होतं. पण त्यानंतर आमचा संघ पुढे सरकला की हा खुर्चीत मागे सरकायचा. आमच्या एकाने लांबून जोरात फटका मारला, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, सगळं मैदान हळहळलं आणि माझ्या कानाशी शेफिक पुटपुटला, "अल्लाची कृपा."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की मला फारसं विचारावं लागत नाही.

"काय केलंस तू?"

"काही नाही. सामना बघ."

"शेफिक. फोन दाखव."

त्याने दाखवला. चांगलं काम केल्यासारखा दाखवला, तेच मला सहन झालं नाही. आमचा संघ दीडहून जास्त गोलांनी जिंकेल का, या प्रश्नाला याने 'नाही' घेतलं होतं. सत्तर सेंटच्या सहाशे चिठ्ठ्या.

आमची भाषा त्या रांगेत दुसऱ्या कुणाला येत नाही. मी चेहरा हसरा ठेवला, कॅथलीनच्या बाळाला बोट धरायला दिलं आणि त्याच गोड आवाजात नवऱ्याला म्हणाले, "गाढवा, ब्रिजेटने सांगितलेलं विसरलास?"

"ती जुगाराबद्दल बोलत होती. हा बाजार आहे."

"ती बघ तिकडे उभी आहे, निळ्या कोटात. बोलावू? विचारू तिला, बाजार की जुगार?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो घाईघाईने समजावू लागला. "अगं, मी आपल्या संघाच्या विरुद्ध कुठे आहे? ते जिंकले तरी मी जिंकतो. फक्त एकाने जिंकावेत. हे सगळे उगाच म्हणतात चार घालतील. या कोचला मी ओळखतो, एक गोल झाला की हा दाराला कडी लावून बसतो. आणि ओडेलही नाही."

"ते तुला कुणी सांगितलं?"

त्याने नजर मैदानाकडे वळवली. कुणी सांगितलं ते दोघांनाही ठाऊक होतं, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच सारम्याबरोबर.

"आत्ताच्या आत्ता विक."

"ओडेल नाही हे सगळ्यांना दिसलं तसा भाव चढला, आत्ता ऐंशीला जातंय. शेवटपर्यंत थांबलो तर शंभर."

"वीस सेंटसाठी पोराचा गळा कापतोस?"

"कुणाचा गळा? त्याला माहीतही नाही. थोडं थांब, म्हणतोय ना."

मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याचे डोळे पाण्याने भरले. तरी तो हलला नाही. आपल्याला कळतं हे त्याला सिद्ध करायचं होतं, मला, हमदियाला, सगळ्या बाजाराला. मी ओरडू शकत नव्हते, उठून जाऊ शकत नव्हते, आणि गेले असते तरी कुठे? एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टनची बायको मला विचारतेय, सगळं ठीक ना? मी म्हणाले, हो, याची पाठ दुखतेय.

मध्यांतरानंतर थोड्याच वेळात वेदाद आत आला. आत येताना त्याने वर पाहून हात केला. आम्ही दोघांनीही हात केला. शेफिकच्या दुसऱ्या हातात फोन होता.

आता कसं सांगू मी? तेवीस वर्षं ज्या पायांना मी मोजे घातले, त्या पायांकडे चेंडू गेला की माझं काळीज वर उडी घ्यायचं आणि शेजारी माझा नवरा श्वास रोखायचा. वेदाद छान खेळत होता. पूर्वी कधी खेळला नव्हता इतका. एकदा दोघांना चकवून आत घुसला, गोलकीपरने कशीबशी बोटं लावली. कॅथलीन म्हणाली, "आज हा मारणार बघा!" मी शेफिककडे पाहिलं. त्याचा रंग उडाला होता. तो म्हणाला, "भाव नव्वद झालाय. विकतो आता, शेवटच्या पाच मिनिटांत विकतो." मी म्हटलं, आत्ता विक. तो म्हणाला, "ब्याण्णव."

आणि मग अगदी शेवटी, जादा मिनिटांत, आमच्या एकाला त्यांच्या चौकटीत पाडलं. पंचाने पेनल्टी दिली.

नेहमी पेनल्टी ओडेल मारतो. तो वर शेवटच्या रांगेत घोट्याला पट्टी बांधून बसला होता. कॅप्टनने चेंडू उचलला, इकडेतिकडे पाहिलं, वेदाद त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला आणि कॅप्टनने चेंडू त्याच्या हातात ठेवला. कॅथलीनने माझा दंड धरला. "तुमच्या मुलाला दिला! बघा, तुमच्या मुलाला!"

आत गेला तर आमचे चारशे वीस डॉलर बुडतात. बुडोत, ओवाळून टाकले! पण चुकला तर? तर ज्याच्या बापाने दुसरा गोल होणार नाही यावर पैसे लावलेत, त्याच पोराने दुसरा गोल हुकवला. कुणाला पटवणार होतो आम्ही की पोराला काही ठाऊक नव्हतं?

"विक," मी म्हणाले.

"विकतोय." त्याचे अंगठे पडद्यावर धावत होते. "ऐंशी टाकलेत. कुणी घेत नाही."

"कमी कर!"

"साठ टाकलेत. सगळे पळाले गं. जे घेत होते ते सगळे पळाले. पन्नास. चाळीस."

अजूनही तो भाव करत होता. आधी ऐंशी, मग साठ, मग चाळीस, आणि प्रत्येक वेळी खरा भाव त्याच्या पुढे खाली पळालेला.

"फुकट दे, शेफिक! कुणालाही देऊन टाक!"

त्याने एक सेंट लिहिला आणि बटण दाबलं. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. मैदानात हजारो लोक फोन वर करून पोराचं चित्रण करत होते आणि त्या गर्दीत आमचं चाक नुसतं फिरत राहिलं. मी मैदानाकडे पाहिलं. वेदादने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, मान वर करून आमच्या रांगेकडे पाहिलं. मी दोन्ही हात उंच केले. मग तो धावला.

मी पाहिलं. शेफिकने पाहिलं नाही, त्याची मान खाली होती. सगळं मैदान एकदम कण्हलं तेव्हा त्याने मला विचारलं, "काय झालं?"

"अडवला," मी म्हणाले.

आणि तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. फार वेळ नाही, एखादा श्वास असेल. सुटल्याचा आनंद होता त्या चेहऱ्यावर. मग लगेच तो मेल्यासारखा झाला, पण ते आधीचं मी पाहिलं होतं. त्याला थोबाडीत मारावीशी वाटली मला. त्याच्यापेक्षा मला स्वतःचाच राग आला, की या माणसाच्या शेजारी बसून मी अजून हसतेय आणि कॅथलीनला म्हणतेय, काही हरकत नाही, आपण जिंकलो ना.

फोनवर आलं होतं, जमलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. एक-शून्यने सामना संपला. शेफिकचं सगळं बरोबर ठरलं. त्याच्या नावावर सहाशे डॉलर जमा झाले.

वेदादने कळवलं की तुम्ही पुढे जा, मी कपडे बदलून येतो. घरी आल्यावर मी कालचा सारमा गरम करायला ठेवला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. शेफिक टेबलाशी बसला.

"त्याला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ऐक. चिडू नकोस, ऐक. त्याला माहीत नाही म्हणून तो सुरक्षित आहे. सांगितलं की त्याला कळलं. कळलं की त्याने आजच क्लबला कळवायला हवं. कळवलं तर चौकशी, आणि आज नेमकं त्याने पेनल्टी घालवलीय. नाही कळवलं तर तोही चोर. म्हणजे तोंड उघडलं की आपणच त्याला खड्ड्यात ढकलणार."

माणूस गाढव असला तरी हे बरोबर बोलत होता. मी झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले. कुठूनही गेलं तरी पोराच्याच अंगावर येत होतं.

"खातं कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"माझ्या."

"सुल्यानोविच. आणि त्याच्या सदऱ्यावर पाठीमागे काय लिहिलंय?"

त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

"काल संध्याकाळी, ओडेलची बातमी फुटायच्या आधी, सुल्यानोविचने सहाशे चिठ्ठ्या घेतल्या. आज सुल्यानोविचने पेनल्टी घालवली. हे शोधायला कुणाला किती वेळ लागेल रे? महिन्याभराने ब्रिजेट त्याला बोलावून हे समोर ठेवेल तेव्हा तो काय म्हणणार? आपल्या तोंडून ऐकलं तर निदान आज रात्री त्याला खरं बोलता येईल."

"आणि त्याला काढलं तर?"

"तू सांगतोस की मी सांगू?"

तेवढ्यात दार वाजलं. वेदाद आत आला, केस ओले, पिशवी खांद्याला. त्याने माझ्या गालाचा मुका घेतला आणि बापासमोर बसला. त्याचे डोळे लाल होते, पण तो हसायचा प्रयत्न करत होता. मी समोर ताट ठेवलं.

"मीच मागितला चेंडू," तो म्हणाला. "कॅप्टन स्वतः मारणार होता. मी म्हटलं, माझे आईबाबा आलेत, मला दे." त्याने काट्याने सारमा नुसताच उलटा केला. "मारण्याआधी मी वर पाहिलं. आईचे हात दिसले. आणि बाबा, तू मान खाली घालून बसला होतास. मला कळलं, तू दुआ मागतोयस. इतकं बरं वाटलं मला! मग मारला आणि... सॉरी, बाबा. तू एवढी दुआ मागितलीस आणि मी घालवलं."

मी शेगडीकडे तोंड करून उभी होते. मी ठरवलं होतं की तो बोलला नाही तर मी बोलेन, आणि आता मी शेगडीची आच उगाच कमी-जास्त करत होते. शेफिक बोलला नसता तर मी बोलले असते की नाही, ते देवाला ठाऊक.

"दुआ नव्हती," शेफिक म्हणाला.

"म्हणजे?"

"हातात फोन होता."

मग त्याने सांगितलं. सलूनमध्ये फुशारकी मारताना तो हात उडवतो, आज त्याने हात मांडीखाली दाबून ठेवले होते. दीडची रेघ, 'नाही', सहाशे, शेवटी न विकलं जाणं, सगळं. काही लपवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. वेदाद ऐकत होता. माझी समजूत होती की तो ओरडेल, ताट भिरकावेल. मला वाटत होतं, भिरकाव बाबा, फोड काहीतरी.

"कधी घेतलंस?" त्याने विचारलं.

"काल. जेवण झाल्यावर."

"ओडेल नाही हे कळल्यावर."

"हो."

"सत्तरला. म्हणजे समोरच्याने तीस दिले, दुसरा गोल होईल म्हणून."

"हो."

"त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." तो हळू, एकेक शब्द चाचपून बोलत होता. "ओडेलच्या जागी कोण येणार, तेही मी याच टेबलावर सांगितलं होतं. अर्धा तास. सांगितलं होतं ना, आई?"

"सांगितलं होतं, बाळा."

"तरी तू ठरवलंस की दुसरा गोल होणार नाही."

"मी तुझा विचारच केला नाही," शेफिक म्हणाला. "मी कोचचा विचार केला. ओडेलचा केला. तुझा... मनातच आलं नाही."

यापेक्षा त्याने खोटं बोललेलं परवडलं असतं मला.

वेदादने काटा ताटात ठेवला. मग म्हणाला, "मी चेंडू ठेवला तेव्हा 'हो' चा भाव काय होता?"

"ऐंशी."

"ऐंशी?" त्याने मान वर केली. "मी मारणार हे दिसत असताना?"

"टीव्हीवर दिसत होतं सगळ्यांना."

"आणि तो माणूस? ज्याने काल तुझ्यासमोर तीसला 'हो' घेतलं? तो कोण, कुठला?"

"नाव दिसत नाही त्यात. कुणीही असेल."

"त्याचे पैसे गेले आज."

"गेले."

"मग मी सॉरी चुकीच्या माणसाला म्हणालो," वेदाद म्हणाला.

त्याने ताट बाजूला सारलं, खिशातून फोन काढला आणि ब्रिजेटचा नंबर शोधायला लागला. मी शेगडी बंद केली. घंटी वाजत होती, ती मला ऐकू येत होती. शेफिक उभा राहिला, खुर्ची मागे पडली तिकडे त्याने पाहिलंही नाही. "माझी चूक आहे, मी सांगतो तिला," म्हणत त्याने टेबलावरून हात पुढे केला. पलीकडून ब्रिजेटचा आवाज आला. वेदादने बापाच्या त्या हाताकडे पाहिलं, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून बोलायला सुरुवात केली.